धीराचे शास्त्रज्ञ पेटन राऊस

आपल्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून द्यावेत, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे लोणच्याची कृती लिहायला बसले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. पुढे लग्न झाले आणि लेखणीपेक्षा लाटणेच हातात अधिक राहिले. परंतु यंदा लोणच्याचा कागद बाजूला ठेवला आणि एका परदेशी शास्त्रज्ञाचे चरित्र लिहायचे ठरवले. हे गृहस्थ अमेरिकेतले. त्यांना जाऊन पन्नासाहून अधिक वर्षे झाली. त्यांचा आणि आपल्या गावाचा तसा काही संबंध नाही. तरीही त्यांची हकीकत ऐकून माझ्या हातून घडलेली एक मोठी चूक मला कळली. त्या चुकीचे बी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात पडले होते, तेव्हा ती कबूलही भगिनींपुढेच करावी असे वाटते.

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सहा वर्षांपूर्वी रक्ताचा कर्करोग असल्याचे निघाले. सारखा थकवा यायचा, डाव्या बरगडीखाली जड वाटायचे. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी अतोनात वाढलेल्या. घरावर आकाश कोसळले. पण डॉक्टरांनी रोज एक गोळी सुरू केली, जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. महिन्यामागून महिने गेले, पेशी ताळ्यावर आल्या, आणि जाऊबाई पुन्हा पहाटे उठून चुलीपाशी दिसू लागल्या. गोळी तेवढी चालू राहिली.

मग ते हळदीकुंकू झाले. करोनाच्या दिवसांपासून विषाणू हा शब्द नुसता कानावर आला तरी आपल्या अंगावर काटा येतो. त्या दिवशी बोलता बोलता कुणीतरी सांगितले, की कर्करोगसुद्धा विषाणूने होतो असे शास्त्रज्ञांनी शोधले आहे. मी पुढे काही विचारले नाही. घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून जाऊबाईंची कपबशी आणि ताट वेगळ्या फळीवर ठेवू लागले. धाकट्या मुलाला त्यांच्या हातचा घास घेऊ देईना. त्यांनी मला एका शब्दाने विचारले नाही. तिसऱ्या दिवसापासून त्या आपली कपबशी आपणच विसळून त्या फळीवर पालथी घालू लागल्या. नवी सून म्हणून मी ह्या घरात आले तेव्हा पुरण शिजवायला मला त्यांनी शिकवले. माझ्या दोन्ही बाळंतपणांत रात्री त्यांनी जागून काढल्या. हे सगळे आठवत असूनही मी ती फळी बदलली नाही.

वैशाखात त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, सुट्टीला घरी आली. ती पुण्याला जीवरसायनशास्त्र शिकते. आईची वेगळी कपबशी तिच्या नजरेतून सुटली नाही. ती रागावली नाही, भांडली नाही. आम्ही गच्चीवर पापड लाटत होतो. ती माझ्याशेजारी पोळपाट घेऊन बसली आणि म्हणाली, की काकू, तुम्ही जे ऐकलेत ते अर्धेच आहे, उरलेले मी सांगते. चार दुपारी तिने मला पेटन राऊस ह्यांची कथा सांगितली. ती माझ्या समजुतीप्रमाणे इथे देत आहे.

पेटन राऊस ह्यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८७९ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात झाला. मुले लहान असतानाच वडील वारले. आईच्या पदरात तीन मुले. तिचे माहेरचे लोक दूर टेक्सास प्रांतात होते. तिकडे गेली असती तर आधार मिळाला असता. पण बाल्टिमोरमध्ये शिक्षणाची सोय चांगली होती, म्हणून ती माउली मुलांसाठी तिथेच राहिली आणि ओढग्रस्तीत संसार केला. थोर माणसाच्या चरित्रात आईचे असे एकदोन ओळींतच येते, पण पुढचे सारे त्या एका निश्चयावर उभे असते.

मुलाला रानफुलांचा फार नाद होता. दर महिन्याला कोणते फूल फुलते, ह्यावर तो तरुणपणी बाल्टिमोरच्या वर्तमानपत्रात लिहीत असे. पुढे तेथल्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून तो १९०० मध्ये पदवीधर झाला आणि डॉक्टरी शिकू लागला. शिकत असताना एक प्रसंग ओढवला. क्षयाने मेलेल्या माणसाचे शवविच्छेदन करताना त्या हाडाने त्याचे बोट खरचटले. जखम लहान होती, पण क्षयाचे जंतू आत शिरले आणि काखेत गाठ आली. ती कापून काढावी लागली. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. शिक्षण थांबवून मोकळ्या हवेत राहायला त्याला टेक्सासला पाठवले. तिथे वर्षभर तो गुरांच्या मागे हिंडला आणि उघड्यावर झोपला. प्रकृती सुधारली, परत येऊन १९०५ मध्ये तो डॉक्टर झाला.

डॉक्टर झाल्यावर राऊस ह्यांना उमगले, की रोग्यांना तपासून औषध देणे हे आपले काम नव्हे. रोग मुळात कसा होतो हे शोधण्यात आपले मन रमते. त्यांनी मिशिगन विद्यापीठात रोगांच्या अभ्यासाचे काम धरले, काही काळ जर्मनीत जाऊन शिकून आले, आणि न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत दाखल झाले. १९०९ मध्ये संस्थेच्या प्रमुखांनी, म्हणजे सायमन फ्लेक्सनर ह्यांनी, कर्करोगाच्या संशोधनाची प्रयोगशाळा ह्या तिशीतल्या तरुणाच्या स्वाधीन केली.

त्याच वर्षी कोंबड्या पाळणारे कुणी एक जण आपली कोंबडी घेऊन संस्थेत आले. प्लिमथ रॉक जातीची ती कोंबडी. तिच्या छातीच्या उजव्या बाजूला मोठी गाठ आलेली होती. राऊस ह्यांनी गाठ काढून पाहिली तर तो सार्कोमा जातीचा कर्करोग निघाला. त्यांनी त्या गाठीचे बारीक तुकडे त्याच वाणाच्या दुसऱ्या कोंबड्यांच्या अंगात घातले. काहींना तशीच गाठ आली. एवढ्यावर कुणी आश्चर्य केले नसते, कारण कर्करोगाच्या जिवंत पेशीच दुसऱ्या अंगात रुजल्या असे म्हणता येत होते. पण राऊस ह्यांनी आणखी एक प्रयोग केला. गाठ वाळूबरोबर घोटून तिचा लगदा केला, तो खारट द्रावणात कालवला, आणि मग खास मातीपासून बनवलेल्या अतिशय बारीक गाळणीतून गाळला. आपण औषधी चूर्ण वस्त्रगाळ करतो त्याच्या कितीतरी पटीने बारीक अशी ही गाळणी. तिच्यातून पेशी जात नाहीत, जंतूही जात नाहीत. जे नितळ पाणी खाली आले ते त्यांनी निरोगी कोंबड्यांना टोचले. त्यांनाही कर्करोग झाला.

ह्याचा अर्थ असा, की पेशींहून आणि जंतूंहून लहान असे काहीतरी त्या पाण्यात होते आणि त्याने चांगल्या पेशींना बिघडवले होते. १९११ च्या आरंभी राऊस ह्यांनी हे छापून प्रसिद्ध केले. आज आपण त्याला राऊस ह्यांचाच विषाणू म्हणून ओळखतो.

विद्वानांनी मात्र ते मानले नाही. कुणी म्हणाले, गाळणीतून एखादी पेशी निसटली असेल. कुणी म्हणाले, कोंबडीची गाठ हा खरा कर्करोगच नव्हे. बहुतेकांनी सांगितले, की कोंबडीचे कोंबडीपाशी, माणसाला त्याचे काय. राऊस ह्यांनी उंदरांवर तसेच प्रयोग केले, पण तिथे यश आले नाही. अखेर १९१५ च्या सुमाराला त्यांनी तो विषय मिटवून ठेवला. खरे काम हाती लागले असताना ते बाजूला ठेवणे त्यांना किती जड गेले असेल, ते आपण गृहिणी समजू शकतो.

त्याच वर्षी त्यांचे मॅरियन डीके ह्यांच्याशी लग्न झाले. पुढे त्यांना तीन मुली झाल्या. युरोपात महायुद्ध पेटले होते आणि जखमी सैनिक रक्त जाऊन मरत होते. अंगातून काढलेले रक्त लगेच गोठते, म्हणून देणारा आणि घेणारा शेजारी शेजारी असावे लागत. राऊस ह्यांनी टर्नर नावाच्या सहकाऱ्याबरोबर सायट्रेट आणि साखर ह्यांचे एक द्रावण शोधले. त्यात रक्त थंड जागी काही आठवडे चांगले राहू लागले. त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या ऑस्वल्ड रॉबर्टसन ह्या डॉक्टरांनी १९१७ मध्ये ती युक्ती फ्रान्सच्या रणभूमीवर नेली आणि आधी काढून ठेवलेले रक्त जखमींना दिले. रक्तपेढीची सुरुवात ती. आपले मंडळ दरवर्षी रक्तदान शिबिर भरवते. तिथल्या पिशवीत रक्त पडण्यापूर्वी जे स्वच्छ पाणी दिसते, त्यात आजही सायट्रेट आणि साखर असतात. ही गोष्ट कळल्यापासून मला त्या पिशवीकडे पाहिले की राऊस आठवतात.

पुढची कितीतरी वर्षे त्यांनी यकृत आणि पित्ताशय ह्यांचा अभ्यास केला. मग १९३३ मध्ये रिचर्ड शोप नावाच्या त्यांच्या मित्राला रानटी सशांच्या कातडीवरील चामखिळींचा विषाणू सापडला. शोप ह्यांनी तो उदार मनाने राऊस ह्यांच्या हवाली केला. राऊस ह्यांनी दाखवून दिले, की पाळीव सशांत त्या चामखिळी पुढे पुष्कळदा खऱ्या कर्करोगात बदलतात. जिथे १९१५ मध्ये त्यांना अपयश आले होते, त्या सस्तन प्राण्यांतही विषाणू आणि कर्करोग ह्यांचे नाते जुळले. त्यांची पंचावन्नी उलटली होती, पण ते पुन्हा नव्या उमेदीने जुन्या प्रश्नाला भिडले.

नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव प्रथम १९२६ मध्ये सुचवले गेले होते. मिळाले ते १९६६ मध्ये. कोंबडीच्या शोधाला तेव्हा पंचावन्न वर्षे झाली होती आणि राऊस सत्त्याऐंशी वर्षांचे होते. प्रोस्टेटच्या कर्करोगावर संप्रेरकांचा उपाय शोधणारे चार्ल्स हगिन्स हे त्यांच्यासोबतचे मानकरी. मौज अशी, की राऊस ह्यांच्या एका मुलीचे यजमान ॲलन हॉजकिन ह्यांना मज्जातंतूंच्या शोधाबद्दल १९६३ मध्येच नोबेल मिळाले होते. जावयाला तीन वर्षे आधी आणि सासऱ्यांना नंतर, असा हा उलटा मान. माझी पुतणी हे सांगताना हसली आणि शेजारी पिठाचे गोळे करणाऱ्या जाऊबाईही हसल्या.

राऊस ह्यांची एक बाजू मात्र सांगितली पाहिजे, नाहीतर चरित्र अपुरे राहील. इतर शास्त्रज्ञ तेव्हा म्हणू लागले होते, की कर्करोगाचे मूळ पेशीतील जनुकांच्या बिघाडात असावे. जनुके म्हणजे पेशीच्या गाभ्यातील पिढीजात सूचना. राऊस ह्यांना हे मत अजिबात पटत नव्हते. नोबेलच्या प्रसंगी केलेल्या व्याख्यानातही त्यांनी त्याला विरोध केला. जगाने आपले म्हणणे पन्नास वर्षे नाकारले, हे ज्यांनी सोसले, त्यांनीच दुसऱ्यांचे खरे म्हणणे नाकारले. माणूस कितीही मोठा झाला तरी हे व्हायचेच. आणि ते म्हणणे खरे असल्याचा पुरावा राऊस ह्यांच्याच विषाणूत दडून बसला होता.

१६ फेब्रुवारी १९७० रोजी न्यूयॉर्कमध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, पोटाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ज्या रोगाचा जन्मभर माग काढला त्यानेच शेवटी गाठले. परंतु त्यांच्या विषाणूची कहाणी त्यांच्याबरोबर संपली नाही, आणि माझ्या घरापर्यंत पोचलेला भाग इथूनच सुरू होतो.

त्याच १९७० मध्ये कॅलिफोर्नियात स्टीव्हन मार्टिन नावाच्या शास्त्रज्ञांनी राऊस ह्यांच्या विषाणूचा एक अधू प्रकार मिळवला. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींत तो सोडला, की त्या कर्करोगी होत. पण ऊब थोडी वाढवली, की त्याच पेशी पुन्हा शहाण्यासारख्या वागू लागत, आणि विषाणू तर आत जिवंतच असे. ह्यावरून दोन गोष्टी उमगल्या. पेशीला बिघडवण्याचे काम विषाणूतील एकच जनुक करते. आणि ते काम त्याला सतत करत राहावे लागते; थांबवले तर पेशी ताळ्यावर येऊ शकते. त्या जनुकाचे नाव पुढे सार्क असे पडले.

हे जनुक करते तरी काय? १९७७ आणि १९७८ मध्ये डेन्व्हर येथे जोन ब्रुग, मार्क कॉलेट आणि रेमंड एरिक्सन ह्यांनी शोधले, की ह्या जनुकाबरहुकूम एक विकर तयार होते. विकर म्हणजे ज्याला एन्झाइम म्हणतात ते. भाताचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, ते लाळेतील विकराचे काम. तशी हजारो विकरे शरीरात आपापले काम करत असतात. सार्कचे विकर कायनेज ह्या जातीचे आहे. ह्या जातीचे काम पेशीच्या आत निरोप पोचवण्याचे.

पुतणीने मला ते असे समजावले. लग्नघरातून एक बाई अक्षत घेऊन बोलावणे करायला निघते. ज्या घरी अक्षत पोचली, ते घर तयारीला लागते. कायनेज ही ती बाई, आणि अक्षत म्हणजे फॉस्फेट नावाचा लहानसा रासायनिक तुकडा. कायनेज तो तुकडा दुसऱ्या प्रथिनांवर नेऊन चिकटवते, आणि मग ती प्रथिने हलतात, पुढच्यांना हलवतात. बोट कापले, की कातडीच्या पेशींना वाढण्याचा निरोप असाच जातो. जखम भरली, की दुसऱ्या जातीची विकरे त्या अक्षता उचलून घेतात आणि सगळे शांत होते.

ही अक्षत प्रथिनावर नेमकी कुठे ठेवली जाते, ह्याची एक गमतीची गोष्ट आहे. कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत टोनी हंटर हे १९७९ मध्ये त्याचा तपास करत होते. तोवर अशा दोनच जागा माहीत होत्या. हंटर ह्यांनी ताजे द्रावण न करता जुनेच वापरले. ते साठवणीत थोडे अधिक आंबट झाले होते, आणि त्यामुळेच एरवी एकमेकांत मिसळून दिसणारे दोन ठिपके वेगळे झाले. त्यातला एक टायरोसीनचा, म्हणजे अगदी नव्या जागेचा निघाला. शिळ्या ताकाची कढीच कधी कधी जमून जाते, असे मी म्हटले.

आता बोलावणे करणाऱ्या बाईने कधी थांबावे ह्याचीही पेशीत सोय आहे. निरोगी पेशीतील सार्क विकराच्या शेपटाशी एक जागा असते. तिथे दुसऱ्या विकराने अक्षत ठेवली, की हे विकर स्वतःभोवती दुमडते आणि गप्प बसते. विषाणूतील सार्कचे तेवढेच शेपूट तुटलेले आहे. त्यामुळे त्या बाईला घरी बसणे ठाऊकच नाही. लग्न नसताना ती दिवसरात्र दारोदार अक्षत वाटत सुटते. पेशी मग उगाचच वाढतात, आपली जागा सोडतात, एकीच्या अंगावर एक चढतात. तीच गाठ.

आणि सर्वांत मोठी गोष्ट १९७६ मध्ये कळली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस ह्यांनी, डॉमिनिक स्टेहेलिन आणि पीटर व्होग्ट ह्यांच्यासह शोधले, की सार्क हे जनुक मुळात विषाणूचे नाहीच. ते निरोगी कोंबडीच्या स्वतःच्या पेशीत असते. बदकांतही तसेच सापडले आणि पुढे माणसांतही. हा विषाणू स्वतःच्या सूचनांची नक्कल पेशीच्या जनुकांत बसवून तिथे राहतो. केव्हातरी बाहेर पडताना त्याने कोंबडीचे जनुक उचलून नेले होते, आणि त्याचा लगाम तेवढा मागे राहिला होता. बिशप आणि व्हार्मस ह्यांना १९८९ मध्ये नोबेल मिळाले. राऊस म्हणत विषाणू, इतर म्हणत जनुके. दोन्ही खरे ठरले.

इथवर ऐकल्यावर मी पुतणीला विचारले, की मग तुझ्या आईच्या अंगात कोणता विषाणू शिरला? ती म्हणाली, की एकही नाही. सार्कच्या नात्यातले ॲबल नावाचे एक जनुक आहे. तेही कायनेजच बनवते, आणि तेही प्रथम उंदरांच्या एका कर्करोगी विषाणूतच ओळखले गेले. पण माणसाच्या ह्या रक्ताच्या कर्करोगात बाहेरून कुणी येत नाही. रक्त तयार करणाऱ्या एखाद्या पेशीत नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात, ॲबल भलत्याच जनुकाला जोडले जाते, आणि त्याचा लगाम सुटतो. ही अदलाबदल एका माणसातून दुसऱ्यात जात नाही. कपाने नाही, ताटाने नाही, हातच्या घासाने नाही.

जाऊबाई रोज घेतात ती गोळीही ह्याच शोधातून आली. तिच्यातील औषधाचे नाव इमॅटिनिब. अमेरिकेत २००१ मध्ये तिला परवानगी मिळाली. बोलावणे करणारी बाई अक्षतांची वाटी जिथे धरते, नेमक्या त्याच जागी हे औषध जाऊन बसते. वाटीच धरता आली नाही, की वाटणार काय? ॲबलचे बेलगाम विकर थंड पडते आणि वाढलेल्या पेशी उतरतात. म्हणून गोळी रोज घ्यायची, एकही दिवस चुकवायची नाही. ह्या औषधाच्या एका रूपाच्या पेटंटचा अर्ज आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, त्यामुळे आपल्या देशात बनणाऱ्या स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली. आमच्यासारख्या घराला ती परवडते ह्याचे एक कारण हे आहे.

चौथ्या दुपारी मी खाली गेले आणि ती कपबशी आणि ते ताट सर्वांच्या भांड्यांत आणून ठेवले. दोन कप चहा केला आणि वर नेला. जाऊबाईंच्या पाया पडले. मला पुष्कळ बोलायचे होते, पण शब्द सुचेनात. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पापडाचे पीठ कोरडे पडत चालले आहे, आधी ते झाक, असे सांगितले. मग आम्ही चहा प्यालो.

भगिनींनो, विषाणूंनी माणसाला कर्करोग होतच नाही, असेही कुणी ह्यावरून समजू नये. अर्धे ऐकून मी एकदा फसले, दुसऱ्यांदा फसायचे नाही. सशांच्या ज्या चामखिळींवर राऊस ह्यांनी काम केले, त्यांच्या विषाणूच्या कुळातलाच एक विषाणू बायकांच्या गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाला कारण होतो. हे हाराल्ड त्सूर हाउझेन ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवले आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्याची तऱ्हा वेगळी. तो पेशीतील राखणदार प्रथिनांनाच निकामी करतो. यकृताची कावीळ करणारा हिपॅटायटिस बी हा विषाणूही असाच. हे दोन्ही एका ताटात जेवल्याने पसरत नाहीत, आणि लागण झालेल्यांपैकी थोड्यांनाच पुष्कळ वर्षांनी कर्करोग होतो. दोन्हींवर लस आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस २०२३ पासून पुण्याच्या सीरम संस्थेचीही मिळू लागली. ती मुलींना लहान वयातच द्यायची असते. डॉक्टरांना विचारून आपापल्या मुलींना ती द्यावी, आणि आपण स्वतः संकोच सोडून तपासणी करून घ्यावी. मी ह्या वर्षी करून घेतली. जाऊबाई सोबत आल्या होत्या.

राऊस ह्यांच्याकडे आणलेली ती कोंबडी कुणीतरी टाकून दिली असती, किंवा बाकीच्या कोंबड्यांना लागण होईल म्हणून मारून पुरली असती, तर आज जाऊबाईंची गोळी कदाचित नसती. कुणीतरी ती उचलून दाखवायला नेली आणि कुणीतरी नीट पाहिली. आपल्या आसपास एखादे आजारी माणूस असले, तर आपणही एवढेच करावे. त्याला दूर न सारता जाणत्यांना विचारावे, आणि पुरते ऐकून घ्यावे.

माझ्या अल्प बुद्धीला समजले तसे लिहिले. शास्त्रातले काही चुकले असल्यास दोष माझा, पुतणीचा नव्हे. चूकभूल द्यावी घ्यावी. लोणच्याची कृती पुढच्या अंकासाठी राखून ठेवली आहे, आणि ती मूळची जाऊबाईंची आहे हेही त्यात लिहीनच.